थंडीचे दिवस आणि घरची शेळी-कोंबडी

मार्गशीर्ष लागला म्हणजे शहरांतील मंडळींस गुलाबी थंडीची आठवण होते. पेटींतील लोकरीचे कपडे बाहेर निघतात आणि शेतावरून हुरड्याचीं आमंत्रणें येऊं लागतात. पण ज्या शेतावर आपण हुरडा खावयास जातां, तेथील वस्तीच्या मागल्या अंगास एक गोठा असतो, एक खुराडें असतें. आपली मोटार परत फिरल्यावर त्या गोठ्यांत रात्र कशी निघते, हें सहसा कोणाच्या कानीं येत नाहीं. त्या रात्रीविषयीं आज मी चार शब्द सांगणार आहें.

माझें गांव केम. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यांत, पुण्याहून सोलापुरास जातांना कुर्डुवाडीच्या अलीकडे हें स्टेशन लागतें. गांवाची ओळख कुंकवाच्या कारखान्यांमुळें. आपल्या देव्हाऱ्यांतील करंड्यांतही आमच्याच गांवचें कुंकूं असण्याचा संभव आहे. सोलापूर म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें ऊन उभें राहतें, आणि तें खोटेंही नाहीं. पण आमची थंडीही तितकीच कडक. शेजारच्या जेऊरचें नांव अलीकडच्या कांहीं हिवाळ्यांत राज्यांतील सर्वांत थंड ठिकाणांच्या यादींत वारंवार आलेलें आपण ऐकलें असेल. याचें कारण सोपें आहे. आमची हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. दिवसभर जमिनीनें सांठविलेली उष्णता रात्रीं अडवावयास वर ढग नसतात. ती सरळ आकाशांत निघून जाते. दुपारीं पारा ३० अंशांच्या आसपास असतो, तोच पहांटे दहाच्याही खालीं उतरतो. एवढा मोठा उतार एका रात्रींत सोसणें हीच खरी परीक्षा. माणूस गोधडी ओढून घेतो. करडाला गोधडी नसते.

मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशांत शिरलों व तालुक्यांतील निरनिराळ्या खेड्यांत मुलांना शिकवीत म्हातारा झालों. एका गांवीं माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगी होती. पाढे तोंडपाठ, अक्षर टपोरें. पौष महिन्यांत ती वर्गांत पेंगूं लागली. मी दोनदां रागें भरलों; तिसऱ्या वेळीं तिच्या आईस बोलावणें पाठविलें. आई दारांतच उभी राहून म्हणाली, "मास्तर, शेळी व्यायलीया. दोन करडं हाईत. पोर रातभर त्यांना पोटाशी धरून झोपती." पांचवीची शाळा दुसऱ्या गांवीं होती, आणि तीं करडें मोठीं झालीं म्हणजे विकून मुलीस सायकल घ्यावयाची असें घरांत ठरलें होतें. पुढच्याच आठवड्यांत थंडीची लाट आली. दोन्ही करडें गेलीं. मुलगी चौथी उत्तीर्ण झाली, पण पांचवीला गेली नाहीं. तीं करडें कां मेलीं, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. आणि खेड्यांतील शिक्षकाला तें ठाऊक असावयास हवें होतें, ही टोंचणी आजही मनांत आहे.

सेवानिवृत्त झाल्यावर मीं स्वतः चार शेळ्या व डझनभर कोंबड्या पाळल्या. पहिल्याच हिवाळ्यांत मीं नको तें शहाणपण केलें. पत्र्याच्या खोपटाच्या प्रत्येक फटींत गोणपाट कोंबलें, वरचा झरोका विटांनीं बुजविला आणि कोपऱ्यांत कोळशाची शेगडी ठेवली. नुकतीं निघालेलीं अकरा पिल्लें आंत होतीं. पहांटे दार उघडलें तों डोळ्यांना झोंबणारा उग्र दर्प अंगावर आला. पत्र्यावरून थेंब थेंब पाणी गळत होतें. खालचें अंथरूण भिजून गेलें होतें. शेळ्या खोकत होत्या, आणि सात पिल्लें एका ढिगांत मरून पडलीं होतीं. शेजारच्या आत्याबाई सारा जन्म शेळ्या-कोंबड्यांत काढलेल्या. त्यांनीं आंत एकवार पाहिलें आणि म्हणाल्या, "मास्तर, पिल्लाला ऊब द्यायची असती, कोंडायचं नसतं."

आजच्या माझ्या सगळ्या भाषणाचें सार या एका वाक्यांत आहे. तें वाक्य खरें कां, एवढेंच आतां उलगडून सांगतों.

त्या रात्रीं घडलें तें असें. जनावराच्या श्वासांतून रात्रभर वाफ बाहेर पडते. ऊन हवा ही वाफ घेऊन वर जाते. वर वाट नसली म्हणजे ती थंड पत्र्याला लागते, तिचें पाणी होतें, आणि पहांटे, म्हणजे नेमक्या सर्वांत थंड वेळीं, तें पाणी जनावरांच्या अंगावर टपकूं लागतें. पिसांत व केसांत अडकलेली कोरडी हवा हेंच जनावराचें पांघरूण. तें भिजलें कीं पांघरूण संपलें. दुसरी गोष्ट दर्पाची. मूत्र व विष्ठा कुजून अमोनिया नांवाचा वायु निघतो. तो डोळे व फुप्फुसें जाळतो, आणि मग खोकला व न्यूमोनिया यांना दार मोकळें होतें. तिसरी गोष्ट शेगडीची. कोंडलेल्या जागेंत कोळसा अर्धवट जळतो आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु निघतो. त्याला वास नाहीं, रंग नाहीं. माणसेंही त्यानें झोपेंतच मरतात. म्हणजे मीं थंडी बाहेर ठेवली खरी, पण ओल, दर्प आणि विष हीं तिन्हीं आंत कोंडून घेतलीं.

म्हणून पहिला नियम असा कीं, खालीं बंद आणि वर उघडें. जनावर ज्या उंचीवर बसतें, त्या उंचीपर्यंत वारा येतां कामा नये. तेथें गोणपाट लावावें, कुडाला शेण-मातीचा लेप द्यावा. पण आढ्याखालीं वीतभर फट हिवाळाभर मोकळी ठेवावी, म्हणजे वाफ आणि दर्प वरच्या वर निघून जातात. अंथरूण कोरडें हवें. भुईमुगाचीं टरफलें, लांकडाचा भुसा, उसाचें पाचट, जें हाताशीं असेल तें बोटभर जाड पसरावें आणि ओलें झालें कीं बदलावें. मुठींत धरून दाबलें असतां हाताला ओल लागली, तर तें अंथरूण निकामी झालें असें समजावें.

आतां मुख्य प्रश्न : ऊब येते कोठून? आपली समजूत अशी कीं, ऊब बाहेरून द्यावयाची वस्तु आहे. मोठ्या जनावरांच्या बाबतींत ही समजूत चुकीची आहे. शेळीच्या शरीराची उष्णता सुमारें ३९ अंश सेल्सिअस, आणि ती शेळी स्वतःच निर्माण करते. तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या, मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु चारा आंबवीत असतात, आणि त्या क्रियेंत उष्णता निघते. शेळीच्या पोटांतच एक शेगडी रात्रभर धुमसत असते म्हणा ना! या शेगडीचें सरपण म्हणजे कोरडा, चिवट चारा. म्हणून थंडीच्या दिवसांत संध्याकाळची वैरण सर्वांत महत्त्वाची. कडबा, तुरीचें भुसकट, हरभऱ्याचें काड हें रात्रीपुरतें गव्हाणींत असावें. कोंबडीचेंही तसेंच. तिन्हीसांजेला ज्वारीचे किंवा मक्याचे दाणे टाकावेत. पोटा भरलेली कोंबडी ते रात्रभर पचवीत बसते आणि अंग गरम राखते. उपाशी जनावरास शेगडी वांचवीत नाहीं.

पण नवजात करडाचें पोट रिकामें असतें आणि तो मोठा कप्पा अजून कामाला लागलेला नसतो. आमच्याकडे शेळी बहुतेक उस्मानाबादी, रंगानें काळी. त्या जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें. शेळीचें नांव तेंच राहिलें. शेळीचा गाभणकाळ सुमारें १५० दिवसांचा, म्हणून आषाढांत फळलेली शेळी मार्गशीर्ष-पौषांत, ऐन थंडींत विते. शिवाय ही जात जुळ्यांविषयीं प्रसिद्ध. जुळें म्हणजे धन्यास लाभ, पण जुळ्यांतील हलकें करडूं थंडीनें पहिलें जातें. मेंढ्यांतही आतां हाच प्रश्न येणार. दख्खनी मेंढी सहसा एकच कोंकरूं देते. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गारोळ जातीचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. कोंकरें वाढलीं, त्याबरोबर पहिल्या रात्रीची काळजीही वाढली.

या पहिल्या रात्रीचें औषध एकच, आणि तें आईच्या आंचळांत असतें. तें म्हणजे चीक. करडूं जन्मतें तेव्हां त्याच्या अंगांत चरबीचा थोडासा सांठा असतो. तो जाळून तें कांहीं तास तग धरतें. त्यानंतर चिकाखेरीज दुसरें सरपण नाहीं. शिवाय आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें गर्भाशयांत करडाला मिळत नाहींत. तीं चिकांतून मिळतात, आणि करडाचें आंतडें तीं पहिल्या दिवसापुरतींच जशीच्या तशीं शोषून घेतें. तासागणिक ही शक्ति कमी होत जाते. याउलट आमच्याकडे पुष्कळ घरांत समजूत अशी कीं, जार पडल्याशिवाय चीक पाजूं नये. जार पडावयास कित्येक तास लागतात. तोंवर ओलें, उपाशी करडूं पहांटेच्या थंडींत थरथरत राहतें. त्या मुलीच्या घरींही जार पडण्याची वाट पाहिली होती, असें तिच्या आईकडून मला पुढें कळलें. अशक्त राहिलेलीं तीं करडें एका पोरीच्या अंगाच्या उबेवर आठवडाभर तगलीं, हेंच नवल.

खरें पाहतां करडानें आंचळ ओढलें म्हणजे शेळीच्या गर्भाशयाला कळा येतात आणि जार पडावयास मदतच होते. तेव्हां करडूं जन्मतांच त्याचें नाक-तोंड पुसावें, कोरड्या फडक्यानें अंग चोळावें, नाळेला टिंक्चर आयोडीन लावावें, आणि अर्ध्या तासाच्या आंत चीक पाजावा. पहिल्या दिवसांत करडाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटांत जावा. दोन किलोच्या करडास सुमारें २०० ग्रॅम, तोही चार-पांच वेळां मिळून. याला पैसा लागत नाहीं.

आतां कोंबडी आणि अंडें. करडाला निदान थोडी स्वतःची ऊब असते. ताज्या अंड्याला ती मुळींच नसते. तरीही थंडी ही अंड्याची शत्रु नव्हे, हें ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. फलित अंड्यांतील जीव सुमारें २० अंशांच्या खालीं निद्रिस्त असतो. आमच्या वैशाखांत हवाच इतकी तापते कीं, टोपलींत ठेवलेल्या अंड्यांतील जीव कोंबडी बसण्यापूर्वींच अर्धवट जागा होतो आणि पुरती ऊब न मिळाल्यानें मरतो. हिवाळ्यांत मात्र अंडीं आठवडाभर सुखानें जमवितां येतात. म्हणून आमच्याकडे पिल्लें काढण्याचा खरा हंगाम हाच. अडचण एवढीच कीं, या दिवसांत अंडीं कमी पडतात. कोंबडीचें अंडें देणें उजेडावर अवलंबून असतें. तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि आमचा डिसेंबरांतील दिवस सुमारें ११ तासांचा. पौषांत गांवठी अंडें महाग कां, याचें हें एक कारण गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

शहरांत मिळणारें पांढरें अंडें निराळ्या व्यवस्थेंतून येतें. १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं वेंकटेश्वर हॅचरीज सुरू केली, आणि तेथून या धंद्यानें देशभर वेग घेतला. त्या कोंबड्या वर्षाला तीनशेंच्या घरांत अंडीं देतात. पण त्यांच्यांत खुडूक होण्याची वृत्ति निवड करकरून जवळजवळ नाहींशी केलेली असते. गांवठी कोंबडी फार तर साठ-ऐंशीं अंडीं देते. पण ती खुडूक होते, म्हणजे अंडीं देणें थांबवून उबवावयास बसते. तिच्या रक्तांत प्रोलॅक्टिन नांवाचें द्रव्य वाढतें आणि पोटाखालची कातडी उघडी व गरम होते. वस्तीवरच्या बाईचें हें फुकटचें यंत्र.

या यंत्राखालीं ठेवावयाचीं अंडीं आठवड्याच्या आंतलीं, मध्यम आकाराचीं, न तडकलेलीं असावींत. तीं धुवूं नयेत. कवचावर असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात व त्यांवर एक पातळ लेप असतो. धुण्यानें तो जातो आणि जंतु आंत शिरतात. याच छिद्रांतून अंडें श्वासोच्छ्वास करतें. होय, अंड्यालाही हवा लागते. कोंडलेलें अंडें गुदमरतें. कळपांत आठ-दहा कोंबड्यांमागें एक कोंबडा असावा, नाहींतर अंडीं वांझ राहतात. पसरट टोपलींत राख, तिच्यावर गवत, आणि त्यावर थंडींत दहा-बाराच अंडीं ठेवावींत. कोंबडीच्या पंखाबाहेर राहिलेलें अंडें फुकट जातें. बसविण्याची वेळ संध्याकाळची, म्हणजे ती शांत बसते.

यापुढें हिशेब एकवीस दिवसांचा. कोंबडीखालीं किंवा यंत्रांत उष्णता ३७॥ अंशांच्या आसपास राहावी लागते. कोंबडी दिवसांतून अनेक वेळां चोंचीनें अंडीं फिरविते, नाहींतर गर्भ कवचाला चिकटतो. ती रोज पंधरा-वीस मिनिटें उठून दाणा-पाणी करते. तेवढ्यांत अंडीं किंचित् निवतात, त्यानें बिघडत नाहीं. विजेच्या पेटींत अंडीं उबविणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. वीज घटकाभर गेली तर पेटी उघडूं नये, वर घोंगडी टाकून स्वस्थ बसावें, मात्र हवेचीं भोंकें झांकूं नयेत. सातव्या रात्रीं अंडें बॅटरीच्या झोतापुढें धरावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव आहे. नुसतें स्वच्छ दिसलें तर अंडें वांझ, तें काढावें. अंड्यांतील थोडें थोडें पाणी छिद्रांवाटे उडत असतें, आणि अठराव्या दिवसापर्यंत त्याचें वजन सुमारें एक-अष्टमांशानें घटतें. त्यामुळें रुंद टोंकाकडे हवेची पोकळी वाढते, व पिल्लूं आपला पहिला श्वास त्या पोकळींत घेतें. शेवटचे तीन दिवस मात्र हवेंत ओलावा जास्त हवा; आमच्या कोरड्या हवेंत आत्याबाई त्या दिवसांत टोपलीच्या आसपास कोंबट पाणी शिंपडतात. या तीन दिवसांत अंड्यांना हात लावूं नये. कवच फोडून पिल्लाला मदत करण्याचा मोह होतो, तो आवरावा.

ही विद्या कांहीं आजची नाहीं. मिसर देशांत दोन हजार वर्षांहून अधिक काळ मातीच्या भट्ट्यांत हजारों अंडीं उबवीत आले. तेथील कारागीर उष्णतामापक न वापरतां अंडें डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखीत. त्या भट्टीलाही वर छिद्र असे. ऊब आणि हवा यांची फारकत त्यांनीं कधीं केली नाहीं.

पिल्लूं बाहेर आल्यावर पहिले दोन दिवस त्याच्या पोटांत उरलेला बलक त्याला पुरतो. नंतर ज्वारीच्या बारीक कण्या आणि कोंबट पाणी द्यावें. पिसें फुटेपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, त्याला स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. आई असेल तर प्रश्नच नाहीं. नसेल तर विजेचा दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यांत दिव्याखालीं ३५ अंश, पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंश कमी. उष्णतामापक नसला तरी पिल्लेंच सांगतात. दिव्याखालीं गोळा होऊन चिवचिवाट करूं लागलीं तर थंडी वाजते. दूर पळून चोंचा वासूं लागलीं तर उष्णता फार. सारखीं पसरून स्वस्थ टिपूं लागलीं तर सगळें ठीक. आणखी एक शत्रु मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. कुमाऊंतील राणीखेत येथें १९२७ च्या सुमारास तो आढळला, म्हणून हें नांव. झाल्यावर औषध नाहीं. आठवड्याच्या आंत डोळ्यांत लसीचा थेंब घालणें हाच उपाय. शेळ्यांच्या लसींचें वेळापत्रकही पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारून घ्यावें.

श्रोते हो, त्या सकाळीं आत्याबाईंच्या सांगण्यावरून मीं झरोक्याच्या विटा काढल्या. शेगडी पुन्हा आंत नेली नाहीं. उरलेलीं चार पिल्लें जगलीं, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यांत कोंडल्यामुळें आमचें एकही पिल्लूं गेलें नाहीं. थंडी आमच्या हातची नाहीं, पण ओल, वारा, उपास आणि कोंडमारा हे चारही आमच्या हातचे आहेत.

हें मी शहरांतील श्रोत्यांस कां सांगत आहें, असें आपण विचाराल. आपल्यापैकीं कित्येकांचीं घरें, नातलग, वांटे अजून खेड्यांत आहेत. कित्येक हौसेनें शेताचा तुकडा घेऊन त्यावर चार कोंबड्या पाळूं लागले आहेत. या पौषांत आपण हुरड्याला जाल तेव्हां गोठ्याकडे एक फेरी मारा. शेळी व्यायला झाली असेल तर घरच्या बाईला विचारा, "वहिनी, चीक कधीं पाजणार?" ती म्हणाली, "जार पडल्यावर," तर दोन शब्द समजावून सांगा. हजेरीपटावर मीं मारलेली ती काट आतां पुसतां येत नाहीं. पण आपल्या दोन शब्दांनीं एखाद्या घरचीं दोन करडें वांचलीं, तर कोणा पोरीची सायकल वांचेल.